गुलमोहर न विकल्याबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये तुमच्या नर्सरीत गुलमोहर मागायला आले होते, ती मी. शाळेच्या फाटकाशी होता तसाच मला दारात हवा होता. पैसे काढले, तर तुम्ही विचारलंत, "भिंतीपासून किती फूट?" मला सांगता येईना. "मग आधी टेप लावा, रोप कुठं पळून जात नाही," म्हणून रिकाम्या हातानं परत पाठवलंत. खरं सांगते, राग आला होता.

घराची भिंत ते कंपाउंड ११ फूट भरलं, आणि वर विजेची तार. गुलमोहराची मुळं वरवर पसरतात, फांदी ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात आधी तोच मोडतो, हे तुम्ही दुसऱ्या दिवशी सांगितलंत. तो मूळचा मादागास्करचा, हेही. मी आपली त्याला इथलाच समजत होते! मग सप्तपर्णी म्हटलं, तर "घरात दम्याचं कुणी आहे का?" सासूबाई आहेत. ऑक्टोबरच्या रात्री त्या फुलांचा वास कसा कोंडतो ते ऐकलं आणि तोही विषय संपला.

शेवटी कोपऱ्यातलं वाकडंतिकडं आपट्याचं रोप पुढं केलंत. मी तोंड वाकडं केलं असणार, कारण तुम्ही लगेच दोन पानं तोडून माझ्या तळहातावर ठेवलीत. एक लहान, जाड, लांबीपेक्षा रुंद. दुसरं मोठं, मऊ, खोल चिरलेलं. पहिलं आपट्याचं, दुसरं कांचनाचं. आणि दसऱ्याला बाजारातून मी जे 'सोनं' आणत आले ते दुसरंच. इतकी वर्षं लोकांना काय वाटत फिरले कोण जाणे.

दोन फुटी खड्डा, शेणखत, दोन चांगले पाऊस झाल्यावर लागवड, सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं. पहिल्या उन्हाळ्यात बुडाशी वात घातलेला माठ पुरला, तो आठवड्यातून दोनदा भरला. त्यानंतर त्यानं फारसं काही मागितलं नाही.

आता ते माझ्या डोक्याच्या वर गेलंय. यंदा दसऱ्याला गल्लीतली पोरं फांद्या ओरबाडायला आली. एकेक पान दिलं, फांदीला हात लावू दिला नाही. तुमच्या वाटणीची पानं वहीत ठेवली आहेत, त्या दिवशी नर्सरी बंद होती. शनिवारी आणून देते.