जॅकखाली काय होते, ते छापा

महोदय,

‘ऑपरेटरचा ताबा सुटून क्रेन उलटली’ ही कालच्या अंकातली बातमी वाचली. चारी जॅक, म्हणजे बाजूंना बाहेर काढायचे आधाराचे पाय, टेकवून, चाके अधांतरी करून जागच्या जागी उभ्या असलेल्या यंत्रावरचा ताबा कसा सुटतो, हे आपल्या वार्ताहरांनी एकदा समजावून सांगावे. बातमीशेजारच्या छायाचित्रात मागचा डावा जॅक पेव्हर ब्लॉक फोडून गुडघाभर आत गेलेला दिसतो. त्याखाली लाकडाच्या दोन फळ्या. बातमी तिथे होती.

हिशेब साधा आहे. क्रेनचे स्वतःचे वजन ४० टन धरा, भार ८ टनांचा. बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, एका कोपऱ्यावर आले की एकूण वजनाचा सुमारे पाऊण हिस्सा, म्हणजे ३६ टन, त्या एकाच जॅकवर येतो. जॅकच्या तळाची थाळी ५० सेंटिमीटर चौरस असेल तर दर चौरस मीटरला १४४ टन दाब! पाइपलाइनसाठी खणून बुजवलेल्या भरावाने चौरस मीटरला १० टन पेलले तरी पुष्कळ. म्हणजे थाळीखाली दोन बाय दोन मीटरची, न वाकणारी मॅट हवी. स्लीपर, म्हणजे जाड लाकडी ठोकळे, वापरायचे तर अंगाला अंग लावून, वरचा थर आडवा, थाळी मधोमध. पण क्रेन शिफ्टच्या भाड्याने येते आणि मॅट पसरण्यात गेलेला तास ठेकेदाराला सलतो.

‘५० टनी क्रेन अवघ्या ८ टनांनी उलटली!’ यातल्या उद्गारचिन्हाची तर कमालच. ५० टन ही क्षमता क्रेनच्या मध्यापासून तीनेक मीटरवरची, आखूड बूमची, चारी जॅक पूर्ण बाहेर असतानाची. वीस मीटरवर अशी क्रेन पाच-सहा टनांवर येते, त्यातून हुक आणि स्लिंगचे, म्हणजे भार बांधायच्या दोरांचे, वजन वजा. भार किती मीटरवर होता, याचा बातमीत पत्ताच नाही. शिवाय किती अंतरावर किती उचलायचे ते सांगणारा लोड चार्ट जमीन घट्ट आणि समतल धरूनच छापलेला असतो. भार वीतभर उचलून थांबले असते, थाळ्या आणि लेव्हलचा बुडबुडा पाहिला असता, तर जमीन बसतेय हे तेव्हाच कळले असते. पण पाहणार कोण? भार बांधून इशारे देणाऱ्या जाणत्या रिगरच्या जागी शिटी दिलेला हेल्पर. गुन्हा मात्र ऑपरेटरवर. क्रेन कुठे लावायची हे ज्याने दाखवले, त्याचे नावही नाही.

आणखी एक. त्याच छायाचित्रात आडव्या बूमला खेटून बघ्यांची गर्दी आहे. वायर रोप अजून ताणलेला दिसतो, म्हणजे धोका टळलेला नव्हता. आपले छायाचित्रकारही फार लांब उभे नसावेत.

– एक वाचक, चिंचवड