आर्वीच्या प्रेसवाल्या काकाजींना

काकाजी, सप्रेम नमस्कार.

मी डिझाइन आणि तंत्रज्ञानावर लिहून पोट भरते, हे कळलं की पुण्या-मुंबईचे संपादक विचारतात, कुठं शिकलात? आर्वीला, एका ऑफसेट प्रेसमध्ये, असं सांगितलं की त्यांना थट्टा वाटते. म्हणून हे आभार चारचौघांत.

कॉलेज सुटलं की मी तुमच्याकडे डीटीपीला, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायला, बसायचे. लग्नसराईत पत्रिका, पेरणीच्या तोंडावर बियाण्यांची पत्रकं, एरवी जिनिंगची बिलबुकं. प्रूफ निघालं की तुम्ही ते घेऊन सरळ रस्त्यावर. "बेटा, लोकं मांडवात वाचतात, ट्यूबलाइटखाली नाही." मग रसवंतीवरच्या एखाद्या म्हाताऱ्याच्या हातात द्यायचं. त्यानं कागद लांब धरला की टाइप दोन पॉइंटनं वाढायचा आणि वधूपित्यानं हट्टानं घातलेले मामा मागच्या पानावर जायचे. (मामांची भांडणं तुम्हीच निस्तरायचे.)

आज शेतकऱ्यांच्या अ‍ॅपवर लिहायचं असलं की मी फोन घेऊन कपाशीच्या धुऱ्यावर जाते. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं ऑक्टोबरच्या उन्हात दिसतच नाहीत. वेबसाइट सगळ्यांना वाचता यावी म्हणून असलेले सुगम्यतेचे निकष साध्या मजकुराला किमान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागच्या रंगाच्या उजळपणात तेवढा फरक, मागतात, तुमचा म्हातारा त्याहून कडक होता.

पहिला लेखही तुमच्या कपाटातल्या सीड्यांतून निघाला. कृतिदेव या जुन्या फॉन्टमधली पत्रिका फोनवर उघडली की भलतीच इंग्रजी अक्षरं. त्या फॉन्टात 'क' हवा तर इंग्रजी डीची कळ दाबायची; फाइलमध्ये साठायचा डीच, फॉन्ट तो 'क' म्हणून दाखवायचा. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी सामायिक पद्धत; तिच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक मिळाले होते. तरी प्रेसमध्ये कृतिदेव काहून टिकला? तुम्ही सांगितलं, पानं मांडायचं सॉफ्टवेअर पेजमेकर युनिकोड घेत नाही आणि छपाईच्या प्लेटा करणारा नागपूरचा प्लेटवाला पेजमेकरचीच फाइल मागतो. त्या कारणावर अख्खा लेख उभा राहिला.

व्यवहारही तुमच्याचकडून. एका वेबसाइटनं लेख छापून पैसे बुडवले, मी रडकुंडीला आले, तर तुम्ही उलट मलाच विचारलं, "आगाऊ काहून नाही घेतले? लग्न लागल्यावर पत्रिकेचे पैसे कोणी देऊन राह्यलं का?" तेव्हापासून नव्या गिऱ्हाइकाकडून अर्धे आधी. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर, कापून गेला तरी रिटर्न भरताना हिशेबात धरता येतो, हेही तुमच्याच सीएनं समजावलं, चहाच्या बदल्यात.

लाइन गेली की तुमचं काम थांबवून तुम्ही इन्व्हर्टर माझ्या कॉम्प्युटरला द्यायचे. त्याची बॅटरी आता दम धरत नाही, असं ऐकलं. नवी सांगून ठेवली आहे, सोमवारी दुकानाचा पोरगा बसवायला येईल. नाही म्हणू नका. अर्धे पैसे आगाऊ दिले आहेत.

तुमची,
डीटीपीवाली पोरगी