नागासाकीहून आई-बाबांना

नागासाकी, नोव्हेंबर

प्रिय आई-बाबा,

जय ख्रिस्त.

मी ठीक आहे आणि पोटभर जेवते. आई, हे आधीच लिहिते, कारण फोनवर तू पहिलं तेच विचारतेस आणि उत्तरावर तुझा विश्वास बसत नाही. व्हिडिओत गाल बसलेले दिसतात ते खोलीतल्या दिव्यामुळे. वृद्धाश्रमातली ड्युटी, बस, सगळं तसंच चालू आहे.

मोठ्या काकीला सांग, इथे डुकराचं मटण कच्चं खात नाहीत. मासे खातात, ती गोष्ट वेगळी. पोर्क कच्चं वाढायला हॉटेलांना 2015 पासून कायद्यानेच बंदी आहे. मसाला नसतो, मिरची नसते, हे खरं. पण त्याला चव नसते असं म्हणू नका, मला वाईट वाटतं.

रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर मी ‘काकुनी’ नावाचं इथलं पोर्क केलं. जपानची दारं बंद होती त्या काळात चिनी व्यापारी याच बंदरात उतरत, त्यांच्याकडून हा पदार्थ आला, म्हणून इथल्या लोकांना तो आपला वाटतो. पोटाकडचं, चरबीचे थर असलेलं मांस घ्यायचं. ते आधी तांदळाच्या धुवणात आलं आणि कांद्याची हिरवी पात घालून दीड-दोन तास मंद उकळायचं, म्हणजे वास जातो. मग ते पाणी ओतून द्यायचं, मोठे चौकोनी तुकडे करायचे आणि सोया सॉस, साके (तांदळाची दारू), मिरिन (स्वयंपाकातली गोड तांदळाची दारू), साखर घालून पुन्हा शिजवायचं. बाबा, साकेतली दारू उकळताना बरीचशी उडून जाते, काळजी नको. रात्रभर ठेवलं की वर चरबीचा पांढरा थर धरतो, तो काढून टाकायचा. दुसऱ्या दिवशी चॉपस्टिकने तुकडा तुटतो.

आता झाकणाचं सांगते, कारण ते मला अजून नवलाचं वाटतं. इथे झाकण भांड्यापेक्षा लहान असतं! लाकडी, गोल, मधे धरायला दांडी. ते काठावर बसत नाही, थेट आत मांसावर टेकतं, हंडीत ताटली पडावी तसं. आधी पाण्यात भिजवायचं, नाहीतर लाकूडच रस पिऊन घेतं. रस उकळून झाकणाला लागतो आणि परत खाली येतो, म्हणून थोड्या रसातही वरचा तुकडा कोरडा राहत नाही, बटाटा असला तर तोही फुटत नाही. शेजारच्या आजींनी त्यांचं जुनं झाकण मला दिलं. झाकण नसेल तर फॉइलला भोकं पाडून चालतं, तू एकदा करून बघ. आपल्या पोर्क इंद्यालला नको, त्याला शिरका आहे, ते आहे तसंच बरं.

रोज एवढं होत नाही. ड्युटीवरून आले की शोगायाकी करते: पातळ काप, आल्याचा रस, सोया सॉस, बाजूला चिरलेला कोबी. थंडीत तोनजिरु, म्हणजे पोर्क, मुळा आणि गाजर घातलेलं मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचं) सूप. आश्रमातल्या आज्यांनाही तेच आवडतं.

स्टेशनजवळ निशिझाकाची टेकडी आहे. 1597 मध्ये आपल्या संत गोन्सालो गार्सियांना तिथेच क्रूसावर दिलं. वसईचा माणूस इतक्या लांब आला आणि परत गेला नाही. मी तिथे धाकटीसाठी प्रार्थना करते. मी परत येणार आहे, बाबा, याचा त्याच्याशी काही संबंध लावू नका.

लग्नाचं. जानेवारीत सुट्टी मिळत नाही, मी पुन्हा विचारलं. धाकटी रडली असेल तर मला सांगू नका. नाही, सांगा. हॉलचे राहिलेले पैसे पहिल्या आठवड्यात खात्यात येतील, आणि तिच्या बांगड्यांचेही मीच देणार, कर्ज काढू नका. थोरली बाकी असताना धाकटीचं कसं, असं वाडीत कोणी म्हटलं तर माझं नाव सांगा, मीच हो म्हटलंय. तुम्ही पाठवलेल्या स्थळाचा फोटो पाहिला. मुलगा चांगला दिसतो. पण घरकर्ज फिटेपर्यंत मला इथेच राहायचंय, त्यांना अडकवून ठेवू नका.

आई, लग्नात पोर्क तूच कर, केटररला देऊ नकोस.

तुमची,
थोरली

ता. क. पैसे आले की बाबांनी फोन करावा, नुसता मेसेज नको.