सिग्नलला बंद पडणारी झेन आणि हातभर नळी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जुन्या गाड्या सिग्नलला बंद पडतात त्याचं सगळं खापर नव्या इथेनॉलवाल्या पेट्रोलवर फोडणारी दोन-तीन पत्रं मध्यंतरी आपल्या पेपरात आली होती, ती वाचून हे लिहितेय, कारण उन्हाळ्यात मी पण तावातावाने हेच सांगत फिरत होते आणि माझं साफ चुकलं होतं.

आमची २००३ ची मारुती झेन आहे. ह्यांनी घेतलेली, ते गेल्यापासून मीच चालवते, रामबागेतून गीता भवन आणि परत, फार तर महिन्यातून एकदा महूला बहिणीकडे. तर एप्रिलपासून हिने नवीनच सुरू केलं, महूच्या रस्त्याला मस्त पळणार, कसली तक्रार नाही, पण पलासियाच्या सिग्नलला उभी राहिली की रेस, म्हणजे इंजिनचा वेग, आपोआप वर-खाली, वर-खाली, मग स्टिअरिंगला थरथर आणि फट्ट करून बंद. मागे हॉर्नचा गजर. एसी लावलेला असला तर बघायलाच नको.

पहिल्या गॅरेजवाल्याने (नाव लिहीत नाही) बॉनेट पूर्ण उघडायच्या आतच सांगितलं, माताजी नया पेट्रोल है, पुरानी गाड़ी में ये सब होगा ही. तरी त्याने चार प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ केली, स्क्रू फिरवून रेस वाढवून दिली आणि ६,४०० रुपये घेतले. आठवडाभर बरी चालली हो. परत तेच सुरू झाल्यावर म्हणतो ईसीएम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, गेलाय, अठरा हजार लागतील, त्यापेक्षा विकूनच टाका. रेस वाढवणं म्हणजे ताप आलेल्याला पंख्याखाली बसवणं, बरं वाटतं तेवढ्यापुरतं, वर पेट्रोल जास्त जातं ते वेगळंच.

भाच्याने मग छावणीतल्या एका म्हाताऱ्या उस्तादांकडे नेलं. ते दहा मिनिटं काहीच बोलले नाहीत, गाडी चालू ठेवून नुसते ऐकत होते. मग पेट्रोल फवारणाऱ्या एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काढून परत लावत गेले, आणि प्रत्येक वेळी इंजिन सारखंच खचलं. म्हणाले, चारों सिलेंडर काम कर रहे हैं, एकाचा दोष असता तर त्याचं काढल्यावर फरकच पडला नसता. म्हणजे प्लग-बिग नाही, कुठून तरी फुकटची हवा आत जातेय. मला म्हणाले ब्रेक कसा लागतो? आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, गेले दोन महिने ब्रेक जड लागत होता आणि मी गुडघ्याला दोष देत होते!

झेनला ब्रेक हलका करणारा बूस्टर असतो, तो इंजिनच्याच ओढीवर चालतो आणि तिथून त्याच्याकडे रबराची एक जाड नळी जाते. उस्तादांनी पकडीने ती नळी दाबून धरली, आणि खरंच सांगते, दोन सेकंदांत रेस जागेवर आली. सोडली की परत घुर्र-घुर्र. क्लिपेपाशी खालच्या बाजूने, दिसणारच नाही अशा जागी, नळी नखभर चिरली होती. वेगात इंजिन एवढी हवा ओढत असतं की त्या चिरेतून आलेली जाणवतही नाही, पण सिग्नलला थ्रॉटल बंद असताना तीच हवा जास्त होते, गाडीचा कॉम्प्युटर ती सांभाळायला कमी-जास्त करत बसतो आणि शेवटी इंजिन दम तोडतं. नवी नळी व्हॅक्यूमचीच, म्हणजे हवेच्या ओढीसाठी बनवलेली, घेतली हं, साधी पाण्याची चालत नाही, ओढीने चपटी होते. नळी आणि मजुरी धरून ४५० रुपये. वाढवलेली रेस त्यांनी परत खाली आणली ती वेगळी.

घरच्या घरी बघायचं असेल तर उस्तादांनी सांगितलेली युक्ती अशी, इंजिन बंद असताना ब्रेक पाच-सहा वेळा दाबायचा, पाय दाबूनच ठेवायचा आणि गाडी चालू करायची. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर बूस्टर नाहीतर नळी, आणि मग सिग्नलला बंद पडण्यापेक्षा ब्रेकचीच काळजी आधी करा.

आता पेट्रोलचं. मी त्याला सरसकट निर्दोष म्हणत नाहीये. वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासूनच्या, आमच्या त्यात नाहीत. इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. शेजारच्या काकांची कार्बोरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग) मारुती ८०० तीन-तीन महिने झाकून उभी असते, तिच्या टाकीतून खरंच पाणी निघालं, आणि कार्बोरेटरला मिश्रण आपलं आपण सुधारताही येत नाही, त्यांची तक्रार खरी आहे. पण माझ्या त्या नळीतून पेट्रोल जातच नाही, हवा जाते. ती बावीस वर्षं इंजिनच्या गरमीत भाजून चिरली.

आपल्याकडे दर रविवारी गाड्यांचं पान येतं, त्यात नव्या मॉडेलांची चित्रं असतात तशी कधीतरी अर्धा रकाना आमच्यासारख्यांना पण द्या ना, कुठला आवाज कशाचा, आधी स्वस्तातलं काय तपासायचं. गॅरेजवाल्याला 'ईसीएम गेलाय हे कशावरून, दाखवा' एवढं विचारायचंही मला त्या दिवशी सुचलं नव्हतं.

झेन आता सिग्नलला शांत उभी राहते. थोडी थरथर अजून आहे, पण रेसचा आवाज एकसारखा असतो तेव्हाही असते, म्हणून उस्ताद म्हणतात ते इंजिन ज्यावर बसवलेलं असतं त्या माउंटचं रबर बसलंय. ते दिवाळीनंतर करणार आहे.

आपली,
एक नियमित वाचक, रामबाग, इंदूर