चार बोटांच्या भरपाईसाठी गावकऱ्यांना आवाहन

राम राम मंडळी,

वर्गणी मागायला निघालो तेव्हा पारावर पहिला प्रश्न आला, “आपलं गाव तापीकाठनं, आठे समुंदर कोठून वना?” म्हणजे इथे समुद्र कुठून आला? प्रश्न रास्त आहे. पण शिंदखेडा तालुक्यातली किती पोरं दोंडाईच्याला गाडीत बसून सुरतेच्या पुढे, थेट सौराष्ट्राच्या बंदरांपर्यंत जातात, हे घरोघर ठाऊक आहे.

त्यातलाच आपल्या गल्लीतला एक जण, वय 30. मासेमारी बोटीवर जाळं ओढताना विंचच्या, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राच्या, दोरात उजवा हात सापडला आणि चार बोटं गेली. मालकाने 40,000 रुपये हातावर ठेवले आणि “आता काही मागणं नाही” अशा कागदावर सही घेतली. सही कसली, उरलेल्या अंगठ्याचाच ठसा!

त्या कागदाला घाबरायचं कारण नाही. 21 नोव्हेंबर 2025 च्या आधीच्या अशा अपघातांना 1923 चा कर्मचारी भरपाई कायदा लागू होतो (त्यानंतर त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली) आणि बोटीवरचा खलाशीही त्यात बसतो. हक्क सोडून दिल्याचा करार कलम 17 प्रमाणे रद्दबातल ठरतो. एका हाताची चार बोटं गेली तर कमाईची क्षमता 50 टक्के गेली असं कायदा धरतो. पगार महिना 12,000 होता. त्याचे 60 टक्के म्हणजे 7,200, त्याला तिशीच्या वयाचा 207.98 हा गुणक आणि त्याचं निम्मं : 7,48,728 रुपये. दवाखान्याचा खर्च वेगळा. दावा दोन वर्षांच्या आत लावायचा असतो आणि त्यासाठी वेरावळ-पोरबंदरच्या चकरा मारायची गरज नाही, जखमी कामगार राहतो तिथेही तो लावता येतो. म्हणजे आपल्याला धुळ्याचं कामगार न्यायालय.

वकिलासाठी पैसे मागत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळतो. खरी अडचण पुराव्याची आहे. मालक म्हणतो, हा पगारी कामगार नव्हताच, मासळीच्या कमाईतल्या वाट्यावर होता. म्हणून त्याच बोटीवर असलेले, आता उसाच्या तोडीवर पांगलेले दोन सोबती शोधून साक्षीला आणायचे आहेत. त्यांची बुडणारी मजुरी, गाडीभाडं, गुजराती कागदांचं भाषांतर, अपंगत्वाच्या दाखल्यासाठीच्या खेपा आणि निकालापर्यंत घरातलं पीठ-मीठ, असा मिळून 35,000 चा अंदाज आहे. कापूस वेचणीला त्याची बायको जाते, पण तेवढ्यात भागत नाही.

ज्याला जमेल त्याने 100 द्यावे, नाही जमलं तर पायलीभर ज्वारी चालेल. जमा-खर्च दर सोमवारी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहू. भरपाई मिळाली की उरलेली रक्कम पुढच्या अशाच कामासाठी ठेवायची, असं बैठकीत ठरलं आहे.

आणि ज्यांची पोरं बोटीवर आहेत त्यांनी मारुतीच्या ओट्यावर संध्याकाळी 7 ते 9 या वेळात यावं. पगार जमा झाल्याचे मेसेज, बोटीवरचे फोटो, मुकादमाच्या चिठ्ठ्या, जे असेल ते घेऊन या. फुटक्या काचेचा जुना मोबाइलही चालेल, त्यातच महिन्याच्या पगाराचा मेसेज सापडायचा.

— गावकरी मदत समिती