ऑक्टोबरफेस्टला तिकीट नसते

मा. संपादक,

स. न. वि. वि.

युरोप सहलींच्या जाहिरातींचा मोसम आला की ‘म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट, प्रवेशासह’ अशी ओळ डोकावू लागते. दोघे मित्र मिळून जायचे ठरवतात आणि या ‘प्रवेशा’साठी माणशी वेगळे युरो मोजायला तयार होतात. मुळात हा बिअरचा उत्सव म्युनिकच्या थेरेझियनवीझ मैदानावर भरतो आणि तिथे जायला पैसे पडत नाहीत. बिअर मिळते त्या मोठ्या तंबूंत शिरायलाही पडत नाहीत. अपवाद एकच. मैदानाच्या दक्षिण भागात ‘ओइडं वीझन’ म्हणजे जुन्या धाटणीची जत्रा भरते, तिथे अलीकडे चार युरो घेतात. बाकी ‘प्रवेश’ म्हणून जे विकले जाते ते टेबलाचे आरक्षण असते, आणि दोघांच्या जोडीला त्याची बहुतेक वेळा गरजच नसते.

आरक्षणाचे गणित समजून घ्या. टेबल साधारण दहा जणांचे. तंबूचा मालक टेबलाचे भाडे घेत नाही, खाण्यापिण्याची कूपने आगाऊ घ्यायला लावतो. माणशी दोन लिटर बिअर आणि अर्धी भाजलेली कोंबडी हा रूढ हिशेब, म्हणजे एका टेबलाचे चारशे-पाचशे युरो. दोघांनी दहा जणांची कूपने घेऊन करायचे काय? म्हणून मग मधले लोक टेबल घेतात आणि खुर्च्या सुट्या करून कितीतरी पट दराने विकतात. म्युनिकची महापालिका आणि तंबूमालक दोघेही याविरुद्ध वर्षानुवर्षे इशारे देत आहेत. अशा मार्गाने आलेले आरक्षण दारावर नाकारले जाऊ शकते, आणि ते नाकारले गेले तर दाद मागायला समोर कोणीच नसते.

दुसरी बाजू सांगितली जात नाही ती अशी, की मोठ्या तंबूंना काही जागा बिनआरक्षित ठेवाव्याच लागतात. शनिवार-रविवारी व सुटीच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत निम्मी, इतर दिवशी साधारण चौथा हिस्सा. ही जागा बहुतेक तंबूच्या मधल्या भागात, बँडच्या मंचाभोवती असते. दोघेच असाल तर इथेच फायदा होतो. आठ जणांच्या टोळीला सलग बाक मिळणे कठीण, पण दोघांना भरलेल्या टेबलाच्या टोकाला सरकून जागा देणे ही तिथली रीतच आहे. “इस्ट हिअर नोख फ्राय?” (इथे जागा आहे का?) एवढे विचारावे. टेबलावर आरक्षणाची चिठ्ठी असेल तर तिच्यावरची वेळ वाचावी. चार वाजल्यापासूनचे आरक्षण असेल तर तोवर तिथे बसायला हरकत नसते, मात्र वेळ झाली की हुज्जत न घालता उठायचे. उभ्याने बिअर मागू नका. ती बसलेल्यालाच मिळते, म्हणून आधी जागा धरायची आणि मग ऑर्डर. तंबूच्या बाहेरच्या अंगणातले बाक बहुतेक बिनआरक्षित असतात. ऊन असेल तर आतल्यापेक्षा तेच बरे.

वार चुकला तर मात्र काहीच चालत नाही. यंदा, २०२६ मध्ये, उत्सव १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर आहे. नाव ऑक्टोबरचे असले तरी बहुतेक दिवस सप्टेंबरात येतात, आणि ऑक्टोबरच्या मध्याची विमान तिकिटे काढून बसणारे दरवर्षी निघतातच. (पहिला सोहळा १८१० च्या ऑक्टोबरात, युवराज लुडविग आणि राजकन्या थेरेझे यांच्या लग्नानिमित्त झाला. पुढे बव्हेरियातल्या (म्युनिक ज्या प्रांतात आहे तो) थंडीला कंटाळून तो अलीकडे ओढण्यात आला.) यंदा अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला आहे. गणपती पोहोचवून निघणाऱ्यांनी लगेचचा, २६-२७ सप्टेंबरचा शनिवार-रविवार सोडून द्यावा आणि २८ सप्टेंबर ते १ ऑक्टोबर या सोमवार ते गुरुवारात जावे. लगेच पितृपक्ष लागतो. कोंबडी आणि बिअर चालते की नाही, ते ज्याने त्याने घरी विचारून घ्यावे. ३ ऑक्टोबर ही जर्मनीची राष्ट्रीय सुटी आहे. यंदा ती शनिवारी येत असल्याने सलग दोन दिवस दुकाने बंद आणि मैदान तुडुंब असेल. गर्दीचा अंदाज हवा असेल तर २०२३ मध्ये इथे सुमारे ७२ लाख लोक येऊन गेले, आणि २०२५ मध्ये एका शनिवारी गर्दीमुळे मैदानाची दारे काही वेळ बंद करावी लागली.

सोमवार ते शुक्रवार तंबू सकाळी दहाला उघडतात, शनिवार-रविवारी नऊला. कामाच्या दिवशी अकरा-बारापर्यंत पोहोचलात तर बहुतेक तंबूंत हव्या त्या ठिकाणी बसता येते. संध्याकाळी सहापर्यंत बँडवर पारंपरिक वाद्यसंगीत असते आणि आवाजाला ८५ डेसिबलची मर्यादा असते, त्यामुळे मित्राशी बोलता तरी येते. सहानंतर पॉप गाणी सुरू होतात आणि लोक बाकांवर चढतात. बाकावर उभे राहिलेले चालते, टेबलावर चढलात तर सुरक्षारक्षक बाहेर काढतात. शेवटची बिअर साडेदहाला. फक्त उद्घाटनाच्या शनिवारी वेगळा हिशेब. महापौर दुपारी बाराला शोटेनहामेल तंबूत पहिले पिंप फोडेपर्यंत कुठेच बिअर मिळत नाही. जागेसाठी लोक भल्या सकाळी येऊन कोरडेच बसतात. हौस असेल तर जावे, पण दोघांनी जाण्याचा तो दिवस नव्हे.

आता प्रत्यक्ष बिअरविषयी. इथे म्युनिक शहरातल्या सहाच मद्यशाळांची बिअर मिळते: ऑगस्टिनर, हाकर-प्शोर, होफब्रॉय, ल्योवेनब्रॉय, पाउलानर आणि श्पाटेन. ऑगस्टिनरच्या तंबूत ती अजून लाकडी पिंपातून काढतात. माप एकच, ‘मास’, म्हणजे एक लिटरचा जाड काचेचा मग. २०२५ मध्ये त्याची किंमत तंबूनुसार १४.५० ते १५.८० युरो होती, म्हणजे एका मगाचे आपले दीड हजार रुपये. आणि आपल्याकडचे लोक फसतात ते या मापातच. उत्सवासाठी खास काढलेली ही बिअर सुमारे सहा टक्क्यांची असते. कडवटपणा कमी, माल्टची गोडी जास्त, त्यामुळे ती पटापट जाते. एका लिटरमध्ये साधारण ४८ ग्रॅम अल्कोहोल झाले. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये ते दहा ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे एक मास म्हणजे साडेचार पेग, दोन म्हणजे नऊ. आपले यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम निकाली काढते, त्यामुळे एकच मास पूर्ण उतरायला पाच ते सात तास लागतात. ‘बिअरच तर आहे’ म्हणून उपाशीपोटी दुसरा मग मागवणारे तंबूमागच्या गवताच्या उतारावर आडवे झालेले दिसतात, त्यातले बरेचसे दुपारीच.

यावर उपाय साधे आहेत. पहिल्या मगासोबतच खायला मागवावे. दुसरी फेरी ‘राडलर’ची घ्यावी, म्हणजे अर्धी बिअर आणि अर्धे लिंबाचे गोड पेय. किंवा बिनअल्कोहोलची बिअर मागवावी. तीही त्याच मगात येते आणि कुणी ढुंकून पाहत नाही. न पिणारा मित्र सोबत असेल तर अडचण नाही: ‘आप्फेलशोर्ले’ (सफरचंदाचा रस आणि सोडा) आणि ‘श्पेत्सी’ (कोला आणि संत्र्याचे पेय) सगळीकडे मिळते.

बिअरचा मग हातात आला की आधी त्यावरची एक लिटरची रेघ पाहा. घाईत ओतलेल्या मगात वरचा चांगला भाग फेसाचा असतो. तो बसल्यावर बिअर रेघेच्या बरीच खाली राहिली तर भरून मागण्याचा तुम्हाला हक्क आहे, लाजायचे कारण नाही. मात्र हे पहिल्या घोटाआधी करायचे. अर्धा पिऊन तक्रार केलीत तर कोण ऐकेल? भरलेला मग सव्वादोन किलोंच्या वर जातो. दोन मग एकमेकांवर आपटताना तळाकडचा जाड भाग भिडवावा, काठ भिडले तर काच उडते. मग घरी नेण्याचा मोह टाळावा. बाहेर पडताना पिशव्या तपासतात आणि मग नेणे ही चोरी धरली जाते. हवाच असेल तर विकत मिळतो, पावती जपून ठेवावी.

पैसे प्रत्येक फेरीला, मग टेबलावर ठेवल्याबरोबर द्यायचे असतात. मग आणून देणारी बाई किंवा बुवा तंबूकडून बिअर स्वतःच्या पैशांनी उचलतात आणि टक्केवारीवर कमावतात. त्यामुळे रोकड हातात तयार असलेल्या गिऱ्हाइकाकडे त्यांचा पाय आधी वळतो. १५.४० झाले तर सतरा द्यावेत. सुटे सेंट मोजत बसलात तर पुढच्या फेरीला ताटकळत बसाल.

शाकाहारी वाचकांनी मात्र नीट लक्ष द्यावे, कारण इथे नावावरून फसगत होते. बटाट्याच्या बव्हेरियन कोशिंबिरीत बहुधा मांसाचा रस्सा घालतात. परतलेल्या बटाट्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. लाल कोबी अनेकदा चरबीत शिजवलेला असतो. पावाचे मोठे गोळे आणि अळिंबीची सायीची आमटी चालेल, पण गोळ्यांत अंडे असते. चीज घातलेल्या ‘केझेश्पेत्सलं’ शेवयांतही अंडे असतेच. अंडे न खाणाऱ्याला उरतात प्रेत्सेल, चीज-लोण्याचे ‘ओबात्स्डा’, मुळा आणि साखरेत भाजलेले बदाम. प्रेत्सेलमध्ये चरबी आहे का, तेही विचारून घ्यावे. एक सोय फारशी कुणाला ठाऊक नसते. अंगणातल्या बाकांवर घरचे खाणे नेलेले चालते, पेय मात्र त्यांचेच घ्यायचे. दशम्या आणि कोरडी चटणी तिथे खुशाल उघडावी.

मात्र ती छोट्या पिशवीतच न्यावी लागेल. तीन लिटरपेक्षा मोठी पिशवी, किंवा २० x १५ x १० सेंटिमीटरपेक्षा मोठी, आत सोडत नाहीत. पाठीवरची सॅक तर नाहीच. काचेची बाटली, चाकू आणि मिरचीचा फवाराही बाहेरच. हा बंदोबस्त उगाच नाही. २६ सप्टेंबर १९८० रोजी मुख्य प्रवेशद्वाराशी झालेल्या बॉम्बस्फोटात हल्लेखोरासह १३ जण मेले, दोनशेंहून अधिक जखमी झाले. तिथे स्मारक आहे. पायांत बंद बूट घाला, संध्याकाळी जमिनीवर काच असते. लेदरहोजन-डिर्न्डल (पुरुषांची चामडी विजार आणि बायकांचा झगा, असा तिथला पारंपरिक पोशाख) सक्तीचे नाही, आणि मैदानाजवळच्या दुकानातला स्वस्त नकली पोशाख घालण्यापेक्षा साधा सदरा बरा दिसतो.

यायला थेरेझियनवीझ स्थानक सगळ्यांत जवळचे, म्हणूनच सगळ्यांत वाईट. रात्री गर्दी वाढली की ते मधूनमधून बंद करतात. एस-बानने (उपनगरी रेल्वेने) हाकरब्र्यूके स्थानक गाठा किंवा यू३/यू६ या मेट्रोने गोएथेप्लाट्झ. मुख्य रेल्वे स्थानकापासून चालत पंधरा-वीस मिनिटे. विमानतळावरून येणाऱ्या एस१ आणि एस८ दोन्ही गाड्या हाकरब्र्यूकेला थांबतात. रात्री भाड्याच्या ई-स्कूटरवर चढू नका. जर्मन कायद्यात तिला मोटारीचेच नियम आहेत: रक्तात ०.५ प्रति हजारला दंड, १.१ ला थेट फौजदारी गुन्हा. मुक्कामाचे दर या काळात कितीतरी पट चढतात. आउग्सबुर्ग किंवा लांड्सहुटला उतरून रेल्वेने ये-जा करणे परवडते, फक्त शेवटच्या गाडीची वेळ पहिल्या मगाआधी पाहून ठेवावी.

दोघांची चुकामूक होण्याचे कारण बहुधा एकच. एक जण पाय मोकळे करायला बाहेर जातो, तेवढ्यात गर्दीमुळे तंबूचे दार बंद होते आणि फोनही लागत नाही. स्वच्छतागृह तंबूतच असते, त्यासाठी बाहेर पडू नये. भेटीची जागा मैदानाबाहेरची ठरवावी. उत्तरेकडच्या सेंट पॉल चर्चच्या पायऱ्या चांगल्या, कारण मैदान बंद झाले तरी तिथे पोहोचता येते. बायकांसाठी, मुलींसाठी सेवा केंद्रात मदत कक्ष आहे. एकटी पडलेली, भ्यालेली किंवा फोन हरवलेली कोणीही तिथे जाऊ शकते. पोलिसांसाठी ११०, रुग्णवाहिकेसाठी ११२.

सहल कंपनीकडून टेबल घ्यायचेच असेल तर पावतीवर तंबूचे नाव, तारीख, बसण्याची वेळ कधीपासून कधीपर्यंत, आणि माणशी किती लिटरची व कशाची कूपने, हे लिहून घ्यावे. हे लिहून द्यायला टाळाटाळ झाली तर पैसे देऊ नयेत. शेंगेन व्हिसासाठी लागणारा तीस हजार युरोंचा प्रवास विमा तर काढावाच लागतो. त्याच्या वगळलेल्या बाबींचे पानही वाचावे. आपल्याकडच्या अनेक पॉलिसींत मद्याच्या अमलाखाली झालेली दुखापत भरपाईतून वगळलेली असते, आणि म्युनिकमधल्या रुग्णालयाचे बिल युरोत येते.

आपला,
एक वाचक, म्युनिक