रुजू होण्यापूर्वी

लाइपझिग, रविवार, ९ फेब्रुवारी १९४७

प्रिय बाळ,

तुझे पत्र गुरुवारी मिळाले. मी ते दोनदा वाचले, तुझ्या आईने तीनदा वाचले, आणि आत्याला मात्र ते दाखवायचे नाही हे आम्ही दोघांनी न बोलताच ठरवले, कारण त्यातला मधला परिच्छेद तिला सोसला नसता. हे उत्तर मी टपालात टाकत नाही. खालच्या मजल्यावरच्या बाई मंगळवारी बटाट्यांच्या शोधात तुझ्या बाजूच्या खेड्यांत जाणार आहेत, त्यांच्या हाती ते देईन. हल्ली पत्रे उशिरा पोचतात, आणि काही पत्रे पोचण्याआधीच वाचली जातात.

प्रथम अभिनंदन. आठ महिन्यांचा अभ्यासक्रम पुरा करून तू मुल्डे नदीकाठच्या शाळेत रुजू होते आहेस, दोन इयत्ता मिळून बावन्न मुले, एक खोली आणि एक स्टोव्ह, हे वाचून मला काय वाटले ते नीट सांगता येणार नाही. नाताळात मी तुझ्या त्या आठ महिन्यांवरून टोचून बोललो, ते बोलायला नको होते. मी पंधराव्या वर्षी सेमिनारमध्ये, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या विद्यालयात, शिरलो आणि सहा वर्षांनी, १९०९ मध्ये, शिक्षक होऊन बाहेर पडलो. तुम्हा नव्या शिक्षकांना लोक हसतात की हे मुलांच्या फक्त एक पान पुढे असतात. पण त्या सहा वर्षांत जे शिकलो त्याने आम्हाला कशापासून वाचवले, हा प्रश्न, शाळेतून काढल्यावर वाट्याला आलेल्या कामात विटांवरचा जुना चुना खरवडताना, मी रोज स्वतःला विचारतो, आणि विटा पुष्कळ आहेत.

पत्राच्या शेवटी, ताजा कलम म्हणून, तू लिहितेस की निरीक्षकांनी समाजवादी एकता पक्षाच्या, म्हणजे आताच्या सत्ताधाऱ्यांच्या, प्रवेशाचा अर्ज हाती दिला आहे आणि बहुतेक सगळे तो भरत आहेत. त्या अर्जाविषयी एक अक्षरही लिहिणार नाही, असे वचन मी आईला दिले आहे. तेव्हा शाळेविषयी लिहितो.

पहिल्या आठवड्यात काही शिकवू नकोस, फक्त नावे पाठ कर. पूर्वेकडच्या सायलेशिया प्रांतातून हाकलून आलेली निर्वासित मुले तुझ्या वर्गात असतीलच. त्यांच्या बोलीला गावची मुले हसतील, तेव्हा रागावण्याऐवजी त्यांच्याकडून त्यांच्या गावांची नावे फळ्यावर लिहून घे. स्टोव्हजवळची बाके वाटून देऊ नकोस, दर अर्ध्या तासाने मुलांना जागा बदलायला लाव, नाहीतर शेतकऱ्यांची मुले उबेला आणि निर्वासितांची खिडकीपाशी, अशी मांडणी दोन दिवसांत आपोआप होते आणि ती कोणी केली हे कोणालाच आठवत नाही. कोळसा संपला तर सुट्टी देऊन मोकळी होऊ नकोस. १९१७ च्या हिवाळ्यात आम्ही शाळा बंद ठेवल्या आणि मुले घरी अंथरुणात पडून गुरांना घालायचे सलगम खात राहिली. ती परत आली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यांवर म्हाताऱ्यांची कळा होती. दिवसातून एकदा तरी त्यांना एकत्र आण आणि गायला लाव, गाताना अंगात थोडी ऊब येते. आणि तुझा खोकला. तू त्याविषयी काही लिहिले नाहीस, म्हणजे तो गेलेला नाही.

हे सगळे तुला अभ्यासक्रमात शिकवले असेल. मी पुन्हा फळ्यापाशी उभा राहिलो, क्षमा कर.

सही करणे ही किती छोटी गोष्ट असते ते तुला ठाऊक नाही. पाहा, वचन मोडलेच. पण आई आता झोपली आहे. मी आयुष्यात चार शपथा घेतल्या. पहिली १९०९ मध्ये, सॅक्सनीच्या राजाच्या नावाने. तेव्हा माझा कोट उसना होता आणि शपथेपेक्षा बाह्या आखूड दिसत नाहीत ना याची मला काळजी होती. दुसरी १९१५ मध्ये, सैनिकाची. तिसरी १९१९ मध्ये, नव्या राज्यघटनेची, आणि ती एकच मी समजून घेतली. त्या घटनेच्या १४८ व्या कलमात लिहिले होते की शाळांनी राष्ट्राराष्ट्रांमधल्या सलोख्याच्या भावनेने शिकवावे, आणि शाळा सोडणाऱ्या प्रत्येक मुलाला घटनेची एक प्रत द्यावी. सोमच्या लढाईतून खांद्यात गोळीची खूण घेऊन आलेल्या माणसाला ते कलम वाचून रडू आले, हे मी तुझ्या आईखेरीज कोणाला सांगितलेले नाही. दर इस्टरला शाळा सोडणाऱ्या मुलांना मी त्या पुस्तिका स्वतःच्या हाताने वाटत असे. बाहेर पडताच काही मुले त्यांच्या होड्या करत, त्याचेही मला फारसे वाईट वाटत नसे.

चौथी ऑगस्ट १९३४ मध्ये. या वेळी देशाच्या नावाने नव्हे, कायद्याच्याही आधी एका माणसाच्या, हिटलरच्या, नावाने, त्याच्याशी एकनिष्ठ आणि आज्ञाधारक राहीन म्हणून. शाळेच्या सभागृहात आम्ही सगळ्यांनी उजवा हात वर केला, एकाने म्हटले, बाकीच्यांनी मागून म्हटले. सगळा प्रकार घंटा होण्याच्या आत आटोपला आणि पुढच्या तासाला मी शुद्धलेखन घेतले. तोपर्यंत वर्गात शिरताना हात वर करून अभिवादन करायची सवय झालीच होती. आदल्या वर्षी, एप्रिल १९३३ च्या कायद्याने, माझ्या शेजारच्या वर्गाचे शिक्षक गेले. ते समाजवादी होते, शाळेच्या वाचनालयासाठी पदरचे पैसे घालत. त्यांचा वर्ग, त्यांचे कपाट आणि पुढे त्यांना मिळायची होती ती बढती माझ्याकडे आली. तुझा पियानो त्या वाढीव पगारातून घेतलेला होता. तू नऊ वर्षांची होतीस, तुला हे कसे माहीत असणार? ४ डिसेंबर १९४३ च्या पहाटे तो घराबरोबर जळाला, आणि पुस्तकांच्या गल्लीतली अर्धवट जळालेली पाने आपल्या अंगणात पडत होती, तेव्हा तू पियानोसाठी रडलीस आणि मी तुला काहीच बोललो नाही.

हिटलरच्या पक्षात मी गेलो १९३७ च्या मे महिन्यात. शिक्षक संघटनेत तर जवळजवळ प्रत्येक शिक्षक होताच, हे मी नाताळात तुला ऐकवले, आणि वेड्यांच्या इस्पितळाचे ते गणित मी वर्गात घेतले का, या तुझ्या प्रश्नालाही तेच उत्तर दिले, ‘सगळ्यांनीच शिकवले.’ छत्तीस वर्षे मी मुलांना सांगत आलो की ‘सगळे करत होते’ हे उत्तर मी ऐकून घेणार नाही. त्यामुळे तू दार आपटून गेलीस, ते योग्यच केलेस.

आता उत्तर देतो. होय, ते गणित मी वर्गात घेतले. वेड्यांचे एक इस्पितळ बांधायला ६० लाख मार्क खर्च आला, तर तेवढ्या पैशात प्रत्येकी १५,००० मार्कांची किती घरे बांधता आली असती? दोन्हीकडची शून्ये कापली की भागाकार कसा सोपा होतो हे दाखवायला मला ते उदाहरण सोयीचे वाटले. एवढाच विचार मी केला. उत्तर ४०० येते. चाळीस वह्यांत मी लाल शाईने बरोबरची खूण केली. १९४१ च्या वसंतात आत्याला ते पत्र आले, पिर्नाच्या टेकडीवरच्या सोनेनश्टाइनहून, जिथे अशा रुग्णांना मारून टाकत, आजाराचे खोटे नाव घालून आणि राखेचा कलश हवा असल्यास कळवावे असे विचारून. आत्याच्या त्या पोराला बेरीज कधी जमली नाही, पण माझ्या व्हायोलिनचा सूर जरा घसरला की तो दोन्ही कान झाकून घेत असे. आत्याने मला कधीच काही विचारले नाही, वह्या तपासताना ती माझ्यासमोर बसून स्वेटर विणत असे. तिने विचारले असते तर मला सोपे गेले असते की अवघड, ते मला अजून कळत नाही.

नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यू मुलांना शाळांतून काढण्याचा हुकूम आला, तेव्हा हजेरीपटातले एक नाव मी पट्टी लावून सरळ रेघेने कमी केले. हे तू विचारले नव्हतेस.

तुला सल्ला द्यायला बसलो होतो आणि कबुलीजबाब लिहीत सुटलो. पण एक सांगतो, कारण ते शपथेविषयी नाही, पैशाविषयी आहे. १९१७ मध्ये रणभूमीवरून परतलो तेव्हा शाळांमार्फत युद्धकर्ज गोळा करायचे काम होते. माझ्या गावात एक विधवा होती, तिचा मुलगा माझ्या वर्गात होता. तिला मी स्वयंपाकघरात बसून समजावले की देशाला दिलेले कर्ज बुडत नाही, आणि तिने शंभर मार्क काढून दिले. १९२३ च्या नोव्हेंबरात एक लाख कोटी जुन्या मार्कांचा एक नवा मार्क झाला, तेव्हा तिच्या शंभर मार्कांचे काय झाले असेल ते तू फळ्यावर करून बघ. तिने मला दोष दिला नाही. ‘मास्तर, तुम्हालाही कोणीतरी सांगितलेच असेल,’ एवढेच ती म्हणाली. लोक शिक्षकावर विश्वास ठेवतात, बाळ. तू तेवीस वर्षांची आहेस, तरी त्या खेड्यात पंचावन्न वर्षांचा शेतकरी टोपी काढून तुला विचारेल की या कागदावर काय लिहिले आहे, आणि तू सांगशील ते तो खरे मानेल. म्हणून तुझी सही ही तुझ्या एकटीची सही नसते.

म्हणून भरू नकोस, असे लिहायला माझी लेखणी इथे उचलली होती. पण तसे मला लिहिता येत नाही. शेजारच्यांच्या सोळा वर्षांच्या मुलाला १९४५ च्या शरदात रशियनांनी चौकशीसाठी म्हणून नेले. तो कोणत्या छावणीत आहे, आहे की नाही, हे त्याच्या आईला आजपर्यंत कोणी सांगितलेले नाही. तुझ्या भावाचे शेवटचे पत्र जानेवारी १९४३ मधले आहे. तू एकटी उरली आहेस. तेव्हा अर्ज परत देताना मोठ्याने काही बोलू नकोस, खोकल्याचे कारण सांग, विचार करते म्हण, वेळ काढ. आणि हे लिहून झाल्यावर माझ्या ध्यानात आले की १९३४ मध्ये तुझी आई मला म्हणाली होती, ‘ताप आहे म्हणून सांग, जाऊ नकोस त्या सभागृहात,’ आणि मी तिला म्हणालो होतो की गैरहजेरी लक्षात येते, मुले लहान आहेत. दोन्ही वेळा भीतीच बोलत होती. या खेपेला ती तुला तिकडे ढकलते आहे की इकडे ओढते आहे, हे मला ओळखता येत नाही.

हे लोक ते लोक नव्हेत, असे तू म्हणशील. तुमच्या नव्या कायद्यात आठ वर्षांची एकच शाळा सगळ्यांसाठी आहे, शेतमजुराचे पोर आणि डॉक्टरचे पोर एका बाकावर, आणि ही गोष्ट आम्ही १९२० मध्ये चार वर्षांपुरती कशीबशी मिळवली होती, ती तुमच्या हाती पुरी होते आहे याचा मला मत्सर वाटतो. मला काढले यात अन्याय नाही. माझ्यासारख्यांना ठेवून ती शाळा उभी राहिली नसती. तू त्यात मनापासून असशील तर सही कर. पण मग मनापासून कर, एवीतेवी सगळे करतात म्हणून नको. तुझ्या पत्रातला ‘बहुतेक सगळे’ हा शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. तो माझा शब्द आहे, तुझ्या हातचा.

पुन्हा व्याख्यान झाले. दिवाही मंद झाला आहे, दहाला वीज जाते.

तुला १९३० च्या इस्टरला पहिल्यांदा शाळेत नेले तो दिवस आठवतो? खाऊने भरलेला कागदी शंकू तुझ्यापेक्षा फार लहान नव्हता, आणि तो तू मला उचलू दिला नाहीस. फाटकापाशी पोचेपर्यंत तळ ओला होऊन फाटला, साखरेच्या गोळ्या रस्त्यावर सांडल्या, आणि तू रडण्याऐवजी खाली बसून त्या मोजल्यास. सतरा होत्या. वर्गात बाईंनी नाव विचारले तर तू आधी आकडा सांगितलास. घरी येऊन मी आईला म्हणालो की ही शिक्षिका होणार.

बाईंच्या हाती माझे व्हायोलिन पाठवतो आहे. सेमिनारमध्ये त्याशिवाय कोणी उत्तीर्ण होत नसे, आणि बावन्न मुलांना सूर द्यायला गळा पुरत नाही, विशेषतः खोकला असलेला. बारीक तार तुटली आहे आणि नवी कुठेच मिळत नाही. बाकीच्या तिन्हींवर काम भागेल. थंडीतून आणल्यावर लगेच पेटी उघडू नकोस, खोलीत तासभर तशीच ठेव, आणि बोटे गार असताना खुंटी पिळू नकोस. पेटीत खाली आईने हातमोजे ठेवले आहेत, ते भावाचे आहेत, मोठे होतील, पण आत जुने मोजे घालता येतील.

तुझे वडील

ता. क. अर्जाचे काय केलेस ते पत्रात लिहू नकोस. इस्टरला येशील तेव्हा स्टेशनवरून घरी चालत येताना सांग, आईसमोर नको.